'येस'च्या आधीचा 'ये': इंग्रजीतला एक जुना होकार

वाय, ई, ए. एवढ्या तीन अक्षरांचा हा शब्द जुन्या इंग्रजी पुस्तकांत भेटतो, सतराव्या शतकातल्या बायबलमध्ये भेटतो, अमेरिकी संसदेतल्या मतदानाच्या बातम्यांत भेटतो. बहुतेक मराठी वाचक तो मनातल्या मनात 'यी' किंवा 'या' असा वाचतात आणि पुढे जातात. भाषांतराच्या कामाला लागेपर्यंत मीही 'यी'च वाचत होते.

त्याचा उच्चार 'ये' असा आहे. "अरे, इकडे ये" यातला 'ये' किंचित लांबवला की झालं. नकाराचा त्याचा जोडीदार एन, ए, वाय असा लिहितात आणि 'ने' असा म्हणतात; "हा डबा घरी ने" यातला 'ने'. होकाराला 'ये' आणि नकाराला 'ने'. मराठी माणसाला ही जोडी एकदा सांगितली की पुन्हा विसरत नाही.

त्याच्यासारखे दिसणारे दोन शब्द मात्र वेगळे काढले पाहिजेत. शेवटी एच लागला की तो आजच्या बोलण्यातला सैल, घरगुती 'या' किंवा 'येआ' होतो. मित्राला फोनवर म्हणतात तो. वाय, ए, वाय असं लिहिलं की तो आनंदाचा चीत्कार असतो, सामना जिंकल्यावर मुलं ओरडतात तसा. मोबाइलवर घाईघाईत एच गाळून अनेकजण 'येआ'च्या जागी नकळत आपला जुना 'ये' लिहितात. वाचणाऱ्याला अर्थ कळतो म्हणून कुणी हटकत नाही, पण शब्द दोन आहेत. जुन्या 'ये'ला आजच्या ऑफिसच्या ईमेलमध्ये जागा नाही. "होय की नाही ते एकदाच सांगा" अशा अर्थाने 'ये ऑर ने' ही जोडी मात्र अजून चालते. अमेरिकेत बोलताना हाताने उंची दाखवत "एवढा उंच" म्हणायलाही तो वापरतात, पण ते अगदीच बोलीतलं.

शब्दकोश उघडला तर 'ये' समोर लिहिलेलं असतं: 'येस'चं जुनं रूप. मला हा अर्थ अपुरा वाटतो. 'ये' हे 'येस'चं जुनं रूप नव्हतं. दोन्ही शब्द शेकडो वर्षं एकाच वेळी, एकाच घरात बोलले जात होते आणि दोघांची कामं वेगळी होती. इंग्रजीत एके काळी दोन होकार होते आणि दोन नकार होते.

नियम असा होता. प्रश्न सरळ असेल तर उत्तर 'ये' किंवा 'ने'. "जॉन बाजारात गेला का?" गेला असेल तर 'ये', गेला नसेल तर 'ने'. प्रश्नातच नकार असेल तर उत्तर 'येस' किंवा 'नो'. "जॉन बाजारात गेला नाही का?" गेला असेल तर 'येस', गेला नसेल तर 'नो'.

म्हणजे 'येस' हा नुसता होकार नव्हता, तो खोडून काढणारा होकार होता. विचारणाऱ्याच्या मनात नकार बसलेला आहे हे ओळखून, "तुला वाटतं तसं नाही, तो गेलाय" असं सांगायचं काम त्याचं. 'ये' शांत होता, विचारलेल्याला मान डोलावणारा. ऐकणाऱ्याला उत्तराच्या एका अक्षरावरून कळायचं की प्रश्न सरळ होता की उलटा, आणि उत्तर कुठल्या बाजूचं आहे. गोंधळाला जागाच नव्हती.

मध्ययुगीन इंग्रजीत ही व्यवस्था नांदत होती. सोळाव्या शतकात ती विसविशीत झाली आणि १६००च्या सुमारास बोलण्यातून जवळपास गेली. 'येस'ने 'ये'चं काम गिळलं, 'नो'ने 'ने'चं. कारण शोधायला फार लांब जायला नको. जो शब्द जोरकस असतो तो माणसं नको तिथेही वापरतात. आपल्याकडे बघा, "संध्याकाळी येतोस का?" या साध्या प्रश्नाला आता "हो" पुरत नाही, "शंभर टक्के!" किंवा "अगदी नक्की!" म्हणावं लागतं. सगळेच तसं म्हणू लागले की शंभर टक्क्यांना साध्या 'हो'एवढाच अर्थ उरतो. 'येस'चं बहुधा असंच झालं.

हा नियम मरायला टेकला होता तेव्हा त्यावरून एक भांडण झालं आणि त्यामुळेच आज आपल्याला तो इतका नेमका माहीत आहे. एका बाजूला विल्यम टिंडल, ज्याने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला आणि १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरात छापून घेतला. इंग्लंडमध्ये ते पुस्तक निषिद्ध होतं, प्रती पकडून जाळल्या जात होत्या. दुसऱ्या बाजूला सर टॉमस मोर, इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर, कॅथलिक पंथाचा कट्टर पाठीराखा, मोठा विद्वान. १५३२ मध्ये मोरने टिंडलच्या विरोधात एक भलामोठा ग्रंथ लिहायला घेतला. विषय गंभीर होता, कारण त्या काळी धर्ममतावरून माणसं जाळली जात होती. त्या धुमाळीत मोर मध्येच थांबतो आणि एका अक्षरावर बोट ठेवतो.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लोक विचारतात, "तू तो संदेष्टा आहेस काय?" तो नाही म्हणतो. टिंडलने तिथे 'नो' लिहिलं होतं. मोरचं म्हणणं, प्रश्न सरळ आहे, नकार त्यात नाही, म्हणून 'ने' हवं. ज्याला 'नो' आणि 'ने' हे इतके साधे, रोजचे शब्द कुठे कोणता वापरायचा ते कळत नाही, तो धर्मग्रंथाचं भाषांतर करायला लायक नाही. आणि मग तो उदाहरण देतो, टिंडललाच उद्देशून. "पाखंडी माणूस धर्मग्रंथाचं भाषांतर करायला योग्य आहे का?" असं विचारलं तर शुद्ध इंग्रजीत उत्तर 'ने'. "पाखंडी माणूस भाषांतर करायला योग्य नाही का?" असं विचारलं तर उत्तर 'नो'.

उदाहरणं बरोबर आहेत. पण त्याआधी नियम सांगताना मोरची जीभ घसरली. सरळ प्रश्नाला 'नो'ने उत्तर द्यायचं, असं तो लिहून बसला, स्वतःच्याच उदाहरणांच्या नेमकं उलट. पुढच्या काळातल्या भाषापंडितांनी ही चूक दाखवून दिली. माझ्या दृष्टीने यातून एकच गोष्ट दिसते: मोरच्या कानात नियम जिवंत होता, म्हणून उदाहरणं अचूक उतरली, पण सांगायला गेल्यावर तो निसटला. आपल्यालाही मराठीतल्या 'ने' आणि 'नी' या प्रत्ययांतला फरक व्याकरणात सांगता येत नाही आणि वापरताना चुकत नाही. लोकभाषेच्या पातळीवर टिंडलही चुकला नव्हता, तो त्याच्या पिढीचं इंग्रजी लिहीत होता. १६११ मध्ये राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या भाषांतरातही त्या जागी 'नो'च राहिलं.

दोघांचाही शेवट वाईट झाला. राजा आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायला मोर तयार झाला नाही. त्याने उघड नकारही दिला नव्हता, तो गप्प राहिला होता. खटल्यात त्याचा एक मुद्दा असा होता की कायद्याच्या जुन्या वचनानुसार मौन ही संमती मानली जाते, तेव्हा माझ्या मौनाचा अर्थ लावायचाच तर होकार असा लावा. "मौनं संमतिलक्षणम्" हे आपल्याकडचं वचनही तेच सांगतं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सजवळच्या व्हिल्वोर्डे इथे टिंडलला गळा आवळून मारलं आणि त्याचं प्रेत जाळलं. 'नो' की 'ने' हा वाद घातलेली ही दोन माणसं स्वतःच्या होकार-नकारापायी जीव देऊन गेली.

दोन होकारांतला भेद गेला तेव्हा इंग्रजीने काय गमावलं ते मला एका सकाळी इस्पितळात कळलं. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन इंग्लंडमध्ये होते आणि तिची उपाशीपोटी करायची तपासणी होती. मी गाडी लावून येईपर्यंत नर्सने तिला आत घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "रात्रीपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही?" आई म्हणाली, "येस." तिच्या मनात होतं, "हो, बरोबर, नाही खाल्लं." नर्सने ऐकलं, "खाल्लंय." मी आत पोचले तेव्हा तपासणी रद्द करून कागद भरणं चालू होतं आणि आई समजेना म्हणून नुसती माझ्याकडे बघत होती. दोघीही आपापल्या भाषेप्रमाणे बरोबर होत्या.

नकारार्थी प्रश्नाला उत्तर द्यायच्या जगात मुख्य दोन रीती आहेत. एकीत 'हो' म्हणजे "तू म्हणतोस ते बरोबर आहे". जपानी भाषा अशी आहे, आणि मराठीही बऱ्याच अंशी: "तू जेवला नाहीस ना?" "हो, नाही जेवलो." दुसऱ्या रीतीत 'हो' म्हणजे "ती गोष्ट घडली आहे", मग विचारणाऱ्याचा समज काहीही असो. आजचं इंग्रजी या दुसऱ्या रीतीचं. मराठीत आपण दोन्ही करतो. "नाही, नाही जेवलो" असंही म्हणतो. पण एक गोष्ट आपण नेमाने करतो: नुसत्या 'हो'वर किंवा 'नाही'वर थांबत नाही, मागे क्रियापद जोडतो. अर्थ त्या क्रियापदावर उभा असतो. आईने तेवढं एक क्रियापद जोडलं असतं तर तपासणी वेळेवर झाली असती.

जुन्या इंग्रजीतला 'येस' जे काम करायचा, म्हणजे समोरच्याच्या मनातला नकार खोडून होकार देणं, त्यासाठी आजही अनेक भाषांनी वेगळा शब्द ठेवला आहे. जर्मन माणूस एरवी 'या' म्हणतो, पण "तू आला नाहीस?" असं विचारलं तर 'डॉख' म्हणतो: आलोय! फ्रेंच माणूस एरवी 'वी' म्हणतो, अशा वेळी 'सी'. स्वीडन-डेन्मार्कमध्ये 'यो'. मला पूर्वी वाटायचं, मराठीत असा शब्द नाही. मग एक दिवस घरातलं बोलणं कानावर आलं.

"दूध उरलं नाही वाटतं."
"आहे की!"
"तू काल आलाच नाहीस."
"आलो होतो की! तूच झोपला होतास."

हा 'की' आपला 'डॉख' आहे. क्रियापदाच्या शेपटाला बसतो, कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, आणि नेमकं तेच करतो जे सातशे वर्षांपूर्वीचा 'येस' करत होता. जुन्या इंग्रजीतलं एखादं संभाषण मराठीत आणताना "जॉन गेला नाही का?" याला उत्तर म्हणून आलेला 'येस' मी आता "गेला की!" असा लिहिते. आणि सरळ प्रश्नाला आलेला 'ये' असेल तिथे साधं "हो, गेला".

या शब्दांच्या पोटात काय आहे तेही बघण्यासारखं आहे. 'ये' फार जुना, इंग्रजी भाषा ब्रिटनमध्ये आली तेव्हापासूनचा. जर्मन आणि डच भाषांतला 'या' त्याचा सख्खा भाऊ. 'ने' मात्र बाहेरून आला. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांबरोबर तो आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'कधीच नाही'. 'येस' जोडशब्द आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात: पुढे 'ये', आणि मागे 'असणे' या क्रियापदाचं 'सी' हे रूप, म्हणजे "असो, तसं असावं". इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत. तो 'सी' आणि संस्कृतातला 'स्यात्' एकाच मुळातून आले आहेत, जैनांच्या स्याद्वादातला 'स्यात्' तोच. म्हणजे 'येस' म्हणजे जवळजवळ "हो, तथास्तु".

आणि आपला 'होय'? तोही क्रियापदच आहे. संस्कृत 'भवति', प्राकृत 'होइ', मराठी 'होय'. "कर्ण हा कुंतीचा पुत्र होय" या वाक्यातला 'होय' आणि "येणार का?" याला दिलेला 'होय' एकच. होकार देणं म्हणजे "ते आहे" किंवा "ते घडो" असं म्हणणं, ही कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे उमलली. पसायदानात ज्ञानदेव मागणं मागून संपतात तेव्हा विश्वेशराव उत्तर देतात ते असंच: "हा होईल दानपसावो". तिथे वेगळा 'हो' नाही, 'होईल' हाच होकार आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची, शके १२१२ची. तेव्हा इंग्लंडात 'ये' आणि 'येस' दोन्ही आपापल्या जागी होते.

मराठीतही जुने, मागे पडलेले होकार आहेत. 'रुकार' हा शब्द आता कुणी बोलताना ऐकू येत नाही. लग्नाच्या बोलण्यात मुलीकडच्यांनी रुकार दिला, असं जुनी माणसं म्हणत. पूजेत गुरुजी संकल्प सांगतात आणि यजमान 'मम' म्हणतो. त्यावरून विचार न करता दिलेल्या संमतीला 'मम म्हणणे' हा वाक्प्रचार आला. पोवाड्यात शाहिराच्या मागून येणारा "जी जी रं जी" हाही होकारच. इंग्रजी 'ये'कडे मला या नातेवाइकांच्या रांगेतच बघावंसं वाटतं.

होकारावरून माणसं भाषांना नावंही देतात. दक्षिण फ्रान्समध्ये जुन्या काळी हो म्हणायला 'ओक' म्हणत, उत्तरेत 'ओईल'. दक्षिणेतल्या त्या मुलखाचं लांगदोक हे नाव म्हणजे 'ओकची भाषा'. उत्तरेच्या 'ओईल'चा पुढे आजचा फ्रेंच 'वी' झाला.

'ये'च्या शेजारी आणखी एक जुना होकार राहतो आणि त्याच्याशी आपला भारतीयांचा संबंध जास्त आहे. ए, वाय, ई असा लिहितात, उच्चार 'आय'. तो १५७०च्या दशकात एकाएकी लिखाणात दिसू लागतो. कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतात तो 'ये'चंच बदललेलं रूप, कुणी म्हणतात 'मी' या अर्थाच्या 'आय'वरूनच आला. सुरुवातीला तो लिहितही असत 'मी'सारखा, एकच मोठं अक्षर आय. शेक्सपिअरने याचा पुरेपूर उपयोग केला. दुसऱ्या रिचर्ड राजावरच्या नाटकात त्याचं राज्य घेणारा बोलिंगब्रोक राजाला विचारतो, मुकुट सोडायला तुमची संमती आहे ना? रिचर्डचं उत्तर: "आय, नो, नो, आय". नाटकगृहात बसलेल्याला ते "हो, नाही, नाही, हो" असंही ऐकू येतं आणि "मी नाही, नाही मी" असंही. मुकुट गेला की मी कुणीच उरत नाही, हे तो पुढच्याच शब्दांत सांगतो. होकार आणि 'मी' यांचा उच्चार एक असल्यामुळे राज्य सोडणाऱ्या माणसाची सगळी घालमेल चार शब्दांत मावली. हे मराठीत आणायचं कसं, यावर मी बरेच दिवस घालवले आहेत आणि अजून समाधान झालेलं नाही.

स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तरेत 'आय' आजही रोजचा, घरचा होकार आहे, तिथे तो जुनाट मुळीच नाही. दर्यावर्दी लोकांत "आय आय, सर" याचा अर्थ 'येस'पेक्षा जास्त आहे: हुकूम ऐकला, समजला, आता अमलात आणतो. नुसतं 'येस' म्हटलं तर प्रश्नाला उत्तर मिळतं. हुकूम पाळला जाईल याची हमी मिळत नाही.

आणि संसद. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बाजूने असणारे 'आय' म्हणतात, विरोधक 'नो'. वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, शब्द वेगळे: 'कंटेंट' आणि 'नॉट कंटेंट', म्हणजे संतुष्ट आणि असंतुष्ट. आपल्या लोकसभेने कॉमन्सची रीत घेतली. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सदस्य आवाजाने 'आय' किंवा 'नो' म्हणतात, अध्यक्ष अंदाज सांगतात, आणि कुणी आव्हान दिलं तर मोजणी होते. यंत्रावर होकाराला हिरवं बटण, नकाराला लाल, तटस्थाला पिवळं. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर 'आय' निघाले २६९ आणि 'नो' २७०. एका मताने सरकार पडलं. ज्यांनी त्या दुपारी दूरदर्शनसमोर बसून ते पाहिलं त्यांना हा जुना इंग्रजी शब्द परका वाटणार नाही.

खुद्द 'ये'ने आसरा घेतला तो अमेरिकेत. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिलेल्या राज्यघटनेत, पहिल्याच कलमात, तरतूद आहे की उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली तर प्रत्येकाचा 'ये' आणि 'ने' कामकाजाच्या नोंदवहीत लिहिला जाईल. राष्ट्राध्यक्षाने नाकारलेला कायदा पुन्हा मंजूर करायचा असेल तर तिथे ही नोंद सक्तीचीच. मुद्दा पारदर्शकतेचा आहे: आवाजी मतदानात कोण काय म्हणालं ते विरून जातं, नावानिशी लिहिलेला 'ये' पुढच्या निवडणुकीत मतदाराला दाखवता येतो. आजही सिनेटमध्ये नावं पुकारून मतदान झालं की नोंद 'ये' आणि 'ने' अशीच होते. प्रतिनिधिगृहात मतदानाच्या प्रकाराप्रमाणे कधी 'ये-ने' तर कधी 'आय-नो' अशी नोंद होते. म्हणून अमेरिकी बातम्यांत दोन्ही दिसतात आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो.

'ये'वर ज्यांनी सर्वात जास्त भार टाकला ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की शपथ वाहूच नका. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. राजा जेम्सच्या भाषांतरात तिथे "ये, ये; ने, ने" आहे. सतराव्या शतकातल्या क्वेकरांनी हे शब्दशः घेतलं. न्यायालयात शपथ घ्यायची म्हणजे एरवी मी खोटं बोलतो असं कबूल करणं, अशी त्यांची धारणा. शपथ नाकारली म्हणून त्यांतले पुष्कळजण तुरुंगात गेले. शेवटी इंग्लंडमध्ये १६९५च्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गांभीर्याने सत्यकथन करायची मुभा मिळाली. अमेरिकी घटनेत शपथेच्या बरोबरीने हा पर्याय आहे. १८५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्सने तोच निवडला. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही दोन्ही वाटा आहेत. एखादा आमदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो आणि दुसरा गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो, तेव्हा ती दुसरी वाट "होय म्हणजे होय" या हट्टासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांनी रुंद केलेली आहे, हे मला दर वेळी आठवतं.

'ये'चा आणखी एक उपयोग आहे आणि भाषांतर करणाऱ्याला तोच जास्त छळतो. तिथे प्रश्नही नसतो आणि उत्तरही नसतं. वाक्याच्या मध्ये किंवा सुरुवातीला 'ये' येतो आणि म्हणणं एक पायरी वर चढवतो. "तो चांगला, ये, थोर माणूस होता." गंमत म्हणजे त्याच जागी 'ने'ही चालतो आणि अर्थ जवळपास तोच राहतो. होकार आणि नकार एकच काम कसं करतात? 'ये' म्हणतो, आधी म्हटलं ते खरंच, आणि वर हेही. 'ने' म्हणतो, आधी म्हटलं ते कमी पडलं, खरं तर हे. मराठीला हे अजिबात नवीन नाही. "शंभर, नव्हे हजार वेळा सांगितलं" यातला 'नव्हे' म्हणजे हुबेहूब 'ने'. आणि 'ये'ला आपल्याकडे 'किंबहुना' आहे. "किंबहुना सर्वसुखीं" म्हणताना ज्ञानदेव मागचं पुसत नाहीत, त्यावर आणखी चढवतात.

या 'ये'ला 'होय' लिहिणं ही मराठी भाषांतरातली नेहमीची चूक आहे. "होय, मी अंधारातून चाललो तरी" असं वाचलं की वाचक मागे जाऊन प्रश्न शोधतो, आणि प्रश्न तर कुणी विचारलेलाच नसतो. जागा बघून 'किंबहुना', 'खरोखर', 'इतकंच काय' यांपैकी काहीतरी निवडावं लागतं.

कधी कधी मात्र वेगळा शब्दच लागत नाही. इंग्रजीतला सगळ्यांत प्रसिद्ध 'ये' बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रात आहे, जे इंग्रजी चित्रपटांत अंत्यविधीच्या वेळी हटकून ऐकू येतं. मूळ हिब्रूत त्या जागी 'गम' आहे, अर्थ 'सुद्धा, देखील'. राजा जेम्सच्या भाषांतरकारांनी त्याचा 'ये' केला. मराठी बायबलमध्ये ती ओळ "मृत्युच्छायेच्या दरीतूनही" अशी सुरू होते. तिथला 'ये' दरीच्या मागे लागलेल्या त्या 'ही'मध्ये आहे.